बी.एस्सी. (संगणकशास्त्र) नंतर जर्मनीत एम.एस्सी.: महाविद्यालयाने अभ्यासक्रमात आणि गुणपत्रकात काय बदलावं?

अभ्यासमंडळ_सदस्य (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमचं महाविद्यालय स्वायत्त आहे. बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा, नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीतला आराखडा लवकरच अभ्यासमंडळासमोर येईल. ‘विद्यार्थी जागतिक पातळीवर टिकले पाहिजेत’ अशी वरून सूचना आहे आणि त्यावर उपाय म्हणून ‘ग्लोबल स्किल्स’ नावाचा दोन क्रेडिटचा पेपर घालावा असा प्रस्ताव आला आहे. मला त्याने काही साधेल असं वाटत नाही. बाहेर जाणारी आमची बहुतेक मुलं जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत अर्ज करतात, आणि नकार येतात ते फार ठरावीक कारणांनी: गणिताचे क्रेडिट अपुरे, सैद्धांतिक संगणकशास्त्र अपुरं, विषयांचं सविस्तर वर्णन जोडलेलं नाही. म्हणजे दुरुस्ती आमच्याच हातात आहे.

जाणकारांना चार प्रश्न:

१. आपले तीन वर्षांचे १२० ते १३२ क्रेडिट आणि त्यांचे १८० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) यांचा हिशेब तिकडे नेमका कसा लावतात?
२. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह), ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग) या चौकटीतून बाहेर न पडता गणित कुठे वाढवता येईल?
३. गुणपत्रकावर काय छापावं? ईसीटीएसचा आकडा आपणच छापला तर चालतो का?
४. तीन वर्षांनंतर मुलांना जाऊ द्यावं, की चौथं ऑनर्सचं वर्ष करा असं सांगावं?

सल्ला सर्वसाधारण नको, बैठकीत मांडता येईल असा हवा.

---

राईनकाठी

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

प्रवेश समिती दोन टप्प्यांत पाहते. पहिला टप्पा पदवीच्या दर्जाचा. अनाबिन नावाच्या जर्मन माहितीकोशात तुमच्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ अशी नोंद असेल तर संस्था मान्य. इथे विद्यापीठाचं नाव पाहतात, महाविद्यालयाचं नव्हे. स्वायत्त महाविद्यालयाच्या गुणपत्रकावर महाविद्यालयाचं नाव मोठ्या अक्षरांत आणि विद्यापीठाचं तळाशी बारीक असतं. मुलंही अर्जात महाविद्यालयाचंच नाव भरतात, ते यादीत सापडत नाही आणि प्रकरण अडकतं. पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव गुणपत्रकाच्या वरच्या भागात, ठळक आणि पूर्ण हवं.

दुसरा टप्पा विषयवार क्रेडिटचा, आणि नकार बहुधा इथे येतो.

युरोपात एका शैक्षणिक वर्षाला ६० ईसीटीएस. एका ईसीटीएसमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात, जर्मनीत बहुतेक ठिकाणी ३०. हे तास वर्ग, घरचा अभ्यास आणि परीक्षेची तयारी असे सगळे मिळून. आपल्याकडे थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट धरले आहेत, म्हणजे क्रेडिटला एकूण ३० तास.

आता तुमचा चार क्रेडिटचा ‘लीनिअर अल्जिब्रा’ घ्या. पूर्ण पदवीचं प्रमाण लावलं (१३२ चे १८०, म्हणजे गुणिले १.३६) तर तो ५.४५ ईसीटीएस होतो. एकूण तास धरले तर १२० भागिले ३०, म्हणजे ४. आणि तुमच्या कागदावर फक्त ‘६० तास’ लिहिलेलं असेल, घरच्या अभ्यासाचा उल्लेखच नसेल, तर एखादा परीक्षक ६० भागिले ३० करून २ धरू शकतो. पेपर तोच, मुलगा तोच, आणि हिशेब २, ४ किंवा ५.४५.

समजा एखाद्या विद्यापीठाच्या नियमावलीत गणिताचे किमान १८ ईसीटीएस मागितले आहेत. चार-चार क्रेडिटचे चार पेपर असतील तर पहिल्या पद्धतीने २१.८ होतात आणि मुलगा आत येतो. दुसऱ्या पद्धतीने १६ होतात आणि तो बाहेर राहतो. कोणती पद्धत लावायची हे त्या त्या विभागाची समिती ठरवते, त्यावर तुमचा ताबा नाही. म्हणून आखणी करताना कमी आकडा देणारी पद्धत गृहीत धरा. गणितात चार नव्हे, पाच-सहा पेपर बसवा.

ते बसवायला जागा कुठे? यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी मेजरचे किमान ६० आणि मायनरचे २४ आहेत. बाकीचे भाषा, मूल्यशिक्षण, कौशल्य, सहशालेय उपक्रम यांत विभागलेले. जर्मन बॅचलरमध्ये जवळपास सगळे क्रेडिट मुख्य विषयातले आणि त्याला लागणाऱ्या गणितातले असतात, त्यामुळे आपले हे इतर क्रेडिट विषयवार मोजणीत धरलेच जात नाहीत. ओईमधून गणित देता येत नाही, कारण महाराष्ट्राच्या चौकटीत ओई दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावी लागते. उरतात मायनरचे २४. ते संपूर्ण गणिताला द्या. लीनिअर अल्जिब्रा ४, कॅल्क्युलस आणि रिअल अ‍ॅनालिसिस मिळून ८, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स ४, संभाव्यता आणि संख्याशास्त्र ४, न्यूमरिकल मेथड्स किंवा मॅथेमॅटिकल लॉजिक ४. बरोबर २४ होतात आणि वरच्या पहिल्या दोन्ही पद्धतींनी मोजले तरी १८ ला पुरतात. फक्त वर्गाचे तास धरले तर मात्र १२ च भरतात, म्हणून कागदावर स्वाध्यायाचे तास लिहायलाच हवेत.

मायनर निवडायच्या आधीच हे विद्यार्थ्यांना सांगावं लागेल. बऱ्याच जणांना मायनर म्हणून इलेक्ट्रॉनिक्स किंवा एखादा गुण देणारा विषय सोपा वाटतो. तिसऱ्या वर्षात जर्मनीचा विचार आला की मग काही करता येत नाही.

मेजरमध्ये थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि अल्गोरिदम्स हे दोन स्वतंत्र पेपर हवेत, चार-चार क्रेडिटचे. दोन क्रेडिटच्या तुकड्यांत विषय फोडायची जी पद्धत पडली आहे तिचा तोटा इथेच होतो: ३० तासांत ऑटोमाटा येतात, डिसायडेबिलिटी आणि एनपी-कम्प्लीटनेस राहून जातात, आणि समिती नेमकं तेच शोधत असते.

---

गुणपत्रक_विभाग

तिसरा प्रश्न माझ्या कामाचा, म्हणून जरा सविस्तर.

ईसीटीएसचा आकडा स्वतः छापू नका. आपण त्या पद्धतीत नाही, त्यामुळे तो आकडा कोणत्या अधिकाराने दिला असा प्रश्न येतो आणि मग बाकीच्या कागदाकडेही संशयाने पाहिलं जातं. छापायचे ते तास: वर्गातले तास, प्रयोगशाळेतले तास, स्वाध्यायाचे तास, एकूण. ज्याला जसं रूपांतर करायचं तो तसं करील.

पेपरचं नाव. ‘संगणकशास्त्र पेपर ३’ किंवा ‘सीएस ३०२’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळत नाही. आत काय शिकवलं ते नावातच दिसावं. ‘मॅथेमॅटिक्स-२’ ऐवजी ‘लीनिअर अल्जिब्रा’. ‘अ‍ॅडव्हान्स्ड टॉपिक्स’ असं नाव तर कधीच नको. थिअरी आणि प्रात्यक्षिक वेगळ्या ओळींत, वेगळ्या कोडने.

श्रेणीची पट्टी. गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला कमाल श्रेणी-गुण आणि उत्तीर्णतेचे किमान श्रेणी-गुण दोन्ही स्पष्ट हवेत. कारण जर्मनीत श्रेणी ज्या सूत्राने बदलतात (सुधारित बव्हेरियन सूत्र) त्यात दोन्ही लागतात:

जर्मन श्रेणी = १ + ३ × (कमाल − मिळालेले) ÷ (कमाल − उत्तीर्णतेचे किमान)

तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० जेमतेम उत्तीर्ण. दहाच्या पट्टीवर ८.० सीजीपीए (सगळ्या सत्रांचे सरासरी श्रेणी-गुण) आणि किमान ४ असेल तर १ + ३ × २ ÷ ६ = २.०. पट्टी छापलेली नाही म्हणून कुणी किमान ५ धरलं, तर १ + ३ × २ ÷ ५ = २.२. हा फरक किरकोळ नाही. अनेक अभ्यासक्रमांची अट २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी अशी असते. किमान ४ धरलं तर २.५ साठी ७.० सीजीपीए पुरतो, किमान ५ धरलं तर ७.५ लागतो. सात ते साडेसातच्या मधली मुलं प्रत्येक वर्गात भरपूर असतात. एका न छापलेल्या ओळीने ती सगळी बाद होऊ शकतात.

याच कारणाने सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर गुणपत्रकावर छापू नये. एकाच कागदावर दोन पट्ट्या असल्या की परीक्षक हवी ती घेतो. ७५ टक्के, किमान ४० असं धरलं तर २.२५ येतात. टक्क्यांचा दाखला इथल्या नोकरीसाठी लागतो, तो मागेल त्याला वेगळा द्यावा.

नाव. आपल्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव येतं. पारपत्रावर आडनाव आणि दिलेलं नाव असे दोन रकाने असतात आणि आईचं नाव त्यात नसतं. परदेशात हे चार शब्द एकच नाव म्हणून वाचले जातात आणि दोन कागद दोन माणसांचे वाटतात. आईचं नाव वेगळ्या ओळीत, ‘आईचं नाव’ असा रकाना करून छापा. जुन्या तुकड्यांसाठी ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असा परीक्षा विभागाच्या सही-शिक्क्याचा एक ओळीचा दाखला तयार ठेवा. आधार, अपार (विद्यार्थ्याचा ओळखक्रमांक) आणि अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधलं नाव पहिल्याच सत्रात जुळवून घेतलं तर पुढचा बराच त्रास वाचतो.

मोड्यूल-पुस्तिका. ‘सविस्तर वर्णन जोडलेलं नाही’ हा नकार इथला. अभ्यासक्रमाची नेहमीची पीडीएफ म्हणजे युनिटची यादी आणि संदर्भपुस्तकं. तेवढं पुरत नाही. दर पेपरला एक पान करा. उदाहरणासाठी एक पूर्ण पान देतो:

कोड आणि नाव (गुणपत्रकाशी तंतोतंत जुळणारं): थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. सत्र: ५. क्रेडिट: ४. वर्ग: ६० तास. स्वाध्याय: ६० तास, त्यातले ३० दर आठवड्याच्या स्वाध्यायपत्रिकेसाठी. शिकवण्याची भाषा: इंग्रजी. पूर्वतयारी: डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. आशय: फायनाइट ऑटोमाटा, रेग्युलर आणि कॉन्टेक्स्ट-फ्री भाषा, पुशडाउन ऑटोमाटा, ट्युरिंग मशीन, डिसायडेबिलिटी, पी आणि एनपी. निष्पत्ती: विद्यार्थी एखादी भाषा रेग्युलर नाही हे सिद्ध करू शकतो, एका समस्येचं दुसरीत रूपांतर करून ती अनिर्णेय आहे हे दाखवू शकतो. मूल्यमापन: स्वाध्यायपत्रिका ४०, लेखी परीक्षा ६०, अवधी तीन तास. ग्रंथ: दोन किंवा तीन, आवृत्तीसह.

निष्पत्तीत ‘समजून घेतो’, ‘ओळख होते’ अशी क्रियापदं टाळा. विद्यार्थी काय करून दाखवतो ते लिहा.

आणि जुन्या पॅटर्नच्या पुस्तिका संकेतस्थळावरून काढू नका. अभ्यासक्रम बदलला की जुनी पीडीएफ गायब होते, आणि त्या तुकडीतली मुलं दोन-तीन वर्षांनी अर्ज करतात तेव्हा साक्षांकित प्रत कुठून आणायची हा प्रश्न पडतो. प्रत्येक पॅटर्नचा कायम राहणारा दुवा हवा, नावात शैक्षणिक वर्ष घालून.

---

सिद्धता_आणि_सराव

वरचे दोन्ही प्रतिसाद कामाचे आहेत, पण कागद दुरुस्त झाला तर मुलगा फक्त दारातून आत जाईल. पुढे त्याचं काय होतं तेही अभ्यासमंडळाने पाहायला हवं.

जर्मन विद्यापीठात बहुतेक ठिकाणी एका परीक्षेच्या तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं, आणि त्याच अभ्यासक्रमात दुसऱ्या जर्मन विद्यापीठात प्रवेश मिळण्याची वाटही जवळपास बंद होते. पूर्ण सत्राची श्रेणी बऱ्याचदा शेवटच्या एका लेखी परीक्षेवर ठरते. आपल्याकडे ‘टिपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ यांवर चांगले गुण मिळवलेला मुलगा तिथल्या पहिल्या सत्रात अल्गोरिदमच्या परीक्षेला बसतो तेव्हा पाच प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर पाठ केलेलं नसतं.

तिथली तयारी ज्या साधनाने होते ते आपल्याकडे कमी खर्चात आणता येतं: दर आठवड्याची स्वाध्यायपत्रिका. चार प्रश्न, दोघांनी मिळून सोडवायचे, सात दिवसांत द्यायचे. अनेक जर्मन विभागांत अशा पत्रिकांचे निम्मे गुण मिळाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसू देत नाहीत. तुम्ही स्वायत्त आहात, अंतर्गत मूल्यमापनाचे ४० गुण तुमच्या हातात आहेत. ते मध्यसत्र चाचणी आणि ‘उपस्थिती’ यांत घालवू नका.

प्रश्न कसे असावेत ते दाखवतो. ‘पंपिंग लेमा (एखादी भाषा रेग्युलर नाही हे दाखवायला वापरतात ते प्रमेय) सांगून स्पष्ट करा’ हा आपला नेहमीचा प्रश्न. त्याऐवजी:

(क) ज्या शब्दांत आधी काही ‘अ’ आणि मग तितकेच ‘ब’ येतात त्यांची भाषा रेग्युलर नाही हे सिद्ध करा.
(ख) ज्यात ‘अ’ची संख्या सम आहे अशी भाषा रेग्युलर आहे, ऑटोमाटॉन काढा आणि तो बरोबर का आहे ते दोन वाक्यांत लिहा.
(ग) खाली एक सिद्धता दिली आहे. ती चुकीची आहे. कोणत्या ओळीत आणि का?
(घ) एक भाषा दिली आहे. ती रेग्युलर आहे की नाही ते आधी ठरवा, मग सिद्ध करा.

(ग) सगळ्यांत उपयोगी. त्यात पंपिंगसाठी शब्दाची विभागणी विद्यार्थ्याने स्वतःच्या सोयीची निवडली आहे, अशी चूक घालायची. लेमा प्रत्येक शक्य विभागणीसाठी तपासावा लागतो हे त्या एका प्रश्नाने डोक्यात पक्कं बसतं. व्याख्या दहा वेळा लिहून बसत नाही.

तपासायचं कुणी, हा प्रश्न बैठकीत येणारच. साठ मुलं म्हणजे तीस पत्रिका, प्रत्येकीला दहा मिनिटं धरली तर आठवड्याला पाच तास. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना ‘कमवा आणि शिका’ योजनेत हे काम देता येतं का ते पाहा. ग्रंथालयात कार्ड लावण्यापेक्षा त्यांनाही याचा जास्त फायदा. उत्तरसूची शिक्षकांनी द्यायची आणि दर आठवड्याला तीन-चार पत्रिका स्वतः पुन्हा पाहायच्या, म्हणजे तपासणीचा दर्जा राहतो.

काय बिघडतं तेही सांगतो. मुलं पत्रिका एकमेकांची उतरवतात, आणि आता यंत्राकडून तयार उत्तरं घेतात. म्हणून पत्रिकेचे गुण कमी ठेवून तासाला फळ्यावर मांडणीचे गुण जास्त ठेवा. ज्या जोडीचं नाव निघेल तिने आपलं उत्तर फळ्यावर समजावून द्यायचं. पाच मिनिटांत खरं-खोटं कळतं.

---

आखणी_आधी

चौथ्या प्रश्नावर. इथे सरसकट उत्तर देणं मुलांच्या दृष्टीने धोक्याचं आहे.

तीन वर्षांची पदवी अनेक जर्मन विद्यापीठं एम.एस्सी.साठी स्वीकारतात, कारण बोलोन्या प्रक्रियेनंतर (१९९९) त्यांची स्वतःची बॅचलरही बहुतेक तीन वर्षांची, १८० ईसीटीएसची आहे. पण काही अभ्यासक्रम २१० मागतात, आणि काही समित्या आपल्या तीन वर्षांचे १८० पूर्ण धरत नाहीत. ज्याच्या मनात असे अभ्यासक्रम आहेत त्याने चौथं वर्ष करावं. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. जर्मन बॅचलरमध्ये शेवटी प्रबंध असतोच; आपल्या तीन वर्षांत तो नाही. चौथ्या वर्षाचा खरा फायदा त्या प्रबंधात आहे. नुसते ४० क्रेडिट वाढवण्यासाठी वर्ष घालवू नये.

महाविद्यालयाने वर्गाला एकच सल्ला न देता एक तक्ता करून द्यावा: विद्यापीठ, अभ्यासक्रम, एकूण ईसीटीएसची अट, गणिताची अट, सैद्धांतिक संगणकशास्त्राची अट, श्रेणीची अट, अंतिम तारीख. दहा-बारा अभ्यासक्रमांच्या नियमावल्या वाचल्या की तो एका आठवड्यात होतो. दर वर्षी जूनमध्ये ताजा करावा. एजंटकडे जाणारी निम्मी मुलं या तक्त्यानेच थांबतील. सरकारी विद्यापीठात अर्ज करायला एजंट लागत नाही.

खर्चाचे आकडे मुलांना दुसऱ्याच वर्षात माहीत हवेत. दिल्लीतल्या जर्मन दूतावासाच्या एपीएस विभागाकडून कागदपत्रांची पडताळणी नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक आहे. शुल्क १८,००० रुपये. युनि-असिस्टमार्फत (अनेक जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज तपासणारी संस्था) अर्ज असेल तर एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ही रक्कम सप्टेंबर २०२४ मध्ये ठरली. ‘जर्मनीत फी नाही’ हे सगळीकडे खरं नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना एम.एस्सी.साठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो लावले आहेत.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अवलंबून असणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठ निवडण्याआधी त्या वर्षीची जाहिरात वाचावी. त्यात जागतिक क्रमवारीतल्या स्थानाची अट असते. जर्मनीतली उपयोजित विज्ञान विद्यापीठं (होखशूले) नोकरीच्या दृष्टीने उत्तम, पण ती त्या क्रमवारीत येत नाहीत, त्यामुळे प्रवेश मिळूनही शिष्यवृत्ती हुकते.

गणित कमी पडलेल्या सध्याच्या तिसऱ्या वर्षासाठी: स्वयम्-एनपीटीईएलचे (सरकारी ऑनलाइन) कोर्स. बारा आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिट, आठचा २, चारचा १. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, शुल्क कोर्सला १,००० रुपये. गुण २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. उत्तीर्ण व्हायला अनुक्रमे १० आणि ३० लागतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे घेता येतात. मात्र कोर्स कोणत्या पेपरच्या जागी धरायचा ते नोंदणीच्या आधी विद्या परिषदेने मंजूर केलेलं असलं पाहिजे. नंतर आणलेलं प्रमाणपत्र गुणपत्रकात चढत नाही, आणि गुणपत्रकावर नसलेलं बहुतेक समित्या मोजत नाहीत.

एक गोष्ट बी.एस्सी.च्या बाहेरची, पण तुमच्याकडे तोही अभ्यासक्रम असेल तर: बीबीए (सीए) या नावाच्या पदवीला तिकडे व्यवस्थापनाची पदवी समजतात. आत प्रोग्रामिंग कितीही असलं तरी संगणकशास्त्राच्या एम.एस्सी.ला ती अडते. प्रवेश घेतानाच पालकांना हे सांगणं महाविद्यालयाचं कर्तव्य आहे.

---

जर्मन_वर्ग

ओईमधून गणित देता येत नाही, पण भाषा देता येते, कारण ती मानव्यविद्या शाखेत मोडते. महाराष्ट्राच्या चौकटीत ओईचे पहिल्या दोन वर्षांत मिळून १० ते १२ क्रेडिट आहेत. त्या सगळ्यांना जर्मन लावा. दर सत्राला वेगळी ओई ठेवून ‘जर्मन ओळख’ असा दोन क्रेडिटचा एकटा पेपर देऊ नका. ३० तासांत ए-१ (भाषेची सर्वांत पहिली पातळी) सुद्धा नीट होत नाही आणि पुढच्या सत्रात सगळं विसरलेलं असतं. १२ क्रेडिट म्हणजे वर्गातले १८० तास. त्यात ए-१ पक्की होऊन ए-२ ची बरीच वाट सरते.

परीक्षा महाविद्यालयाची घ्या, पण वर्षाच्या शेवटी मुलांना माक्सम्युलर भवनाच्या (पुणे किंवा मुंबई) प्रमाणपत्र परीक्षेला बसवा. गुणपत्रकावरच्या ‘जर्मन-२’ वरून पातळी कळत नाही, प्रमाणपत्रावरून कळते. शिक्षक मिळत नसतील तर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या परकीय भाषा विभागातून शिकलेली मंडळी ऑनलाइन तास घ्यायला तयार असतात. गटात वीसपेक्षा जास्त मुलं नकोत, नाहीतर बोलण्याचा सराव होत नाही.

इंग्रजी माध्यमाच्या एम.एस्सी.लाही जर्मन लागते का? प्रवेशाला बहुधा नाही. शिकताना अर्धवेळ काम (वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मुभा आहे) आणि नंतरची नोकरी शोधताना लागते. तिथली इंग्रजीची अट वेगळी: ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं’ हा महाविद्यालयाचा दाखला सगळीकडे चालत नाही, आयईएलटीएस किंवा टोफेल धरून चाला.

---

अभ्यासमंडळ_सदस्य

मायनरचा आणि पट्टी छापण्याचा प्रस्ताव मांडते आहे. ‘ग्लोबल स्किल्स’च्या जागी गणित किंवा स्वाध्याय-तास असं सुचवेन. अजून एक शंका: सहाव्या सत्रात ४ क्रेडिटचं ओजेटी आहे. ते तिकडे मोजतात का? आणि तीन वर्षांत प्रबंध नाही ही उणीव भरून काढायला फील्ड प्रोजेक्ट चालेल का?

---

राईनकाठी

ओजेटीचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. कंपनीच्या लेटरहेडवर ‘समाधानकारक काम केलं’ एवढंच असेल तर ते विषयवार मोजणीत येत नाही, कारण काय केलं ते कळायला मार्ग नसतो. २०-२५ पानांचा अहवाल, तासांची नोंद, कंपनीतल्या आणि महाविद्यालयातल्या दोन्ही मार्गदर्शकांची नावं आणि सही असेल तर सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या रकान्यात ते धरलं जाण्याची शक्यता असते. गुणपत्रकावर ‘ओजेटी’ ही अक्षरं छापू नका. ‘इंडस्ट्रियल इंटर्नशिप: सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट, १२० तास’ असं पूर्ण लिहा.

फील्ड प्रोजेक्ट प्रबंधाच्या जागी पूर्ण चालणार नाही, पण जवळ नेता येतो. पाचव्या सत्रात एकाच विद्यार्थ्याला एकच विषय द्या, गटाला नव्हे. गटाच्या प्रकल्पात कुणी काय केलं ते सांगता येत नाही, म्हणून त्याला फारसं वजन मिळत नाही. ३०-४० पानं, त्यातली सहा-सात आधी झालेल्या कामाच्या आढाव्याची, स्वतः केलेले प्रयोग किंवा मोजमापं, आणि वीस मिनिटांची तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकासमोर. प्रकल्पाचं शीर्षक गुणपत्रकावर यायला हवं. परीक्षा विभागाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना नसतो, तो करून घ्यायला एखादं सत्र जातं, त्यामुळे ती मागणी याच बैठकीच्या इतिवृत्तात घाला.